पालखीच्या आधी कौलं

मी भांडखोर आहे असं माझ्या सासरी सगळे म्हणतात, आणि ते खरंच आहे. माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो. भाजीवाल्याशी भांडले, नळाच्या पाण्यावरून भांडले, जावेशी तर किती वेळा भांडले याची गणतीच नाही. त्यातल्या बहुतेक भांडणांचं आता हसू येतं. पण एका भांडणाचा मला आजही अभिमान आहे. ते वरण-भातावरून झालं होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचे हे एसटीत कंडक्टर होते आणि आम्ही रत्नागिरीत खाडीच्या वरच्या अंगाला राहत होतो. माझ्या मागच्या दारात उभं राहिलं की खाली खारव्यांची वाडी दिसायची. लहान लहान घरं, झावळ्यांची छपरं, अंगणात वाळत घातलेली जाळी. वर रस्त्याच्या वळणावर मशीद, तिथून थोडं पुढं आमचं देऊळ, आणि त्याच्याही पुढं चर्चची शाळा. सगळं हाकेच्या अंतरावर. पण खरं सांगायचं तर हाका कुणी मारत नव्हतं. दिसलं की हसायचं, सणाला ताट पाठवायचं, झालं.

माघात एका दुपारी वाडीला आग लागली. पुरुष समुद्रावर, बायका मासळी घेऊन बाजारात. कुणाच्या तरी घरात स्टोव्ह भडकला, छपराने पेट घेतला, आणि त्या दिवशी वारा असा सुटला होता की मी भांडी टाकून दारात येईपर्यंत निम्मी वाडी पेटली होती. पोरं आणि म्हातारी माणसं सुखरूप बाहेर आली, एवढी देवाची कृपा. पण संध्याकाळी बायका रिकाम्या टोपल्या घेऊन परत आल्या तेव्हा टोपली ठेवायला घरच राहिलं नव्हतं. त्या रडल्या नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या. मला ते बघवेना, आणि बघवत नसलं की मला राग येतो. मी आमच्या ह्यांच्यावरच ओरडले, "असे बघत काय बसलात, सतरंज्या काढा!"

त्या दिवशी ती सगळी कुटुंबं मशिदीशेजारच्या जमातीच्या हॉलमध्ये गेली. एरवी तिथं जमातीची लग्नं व्हायची. जमातीतल्या माणसांनी कुणाला न विचारता कुलूप काढलं आणि खुर्च्या बाहेर ठेवल्या. जेवणाचं मात्र तिघांनी वाटून घेतलं. सकाळचा चहा-नाश्ता चर्चच्या शाळेतल्या सिस्टरांकडे, दुपारचं जेवण आमच्या देवळातल्या महिला भजनी मंडळाकडे, रात्रीचं जमातीच्या बायकांकडे. मंडळात मी झांजा वाजवायचे. गळा नाही, म्हणून झांजा. पण स्वयंपाकाला मी पुढे, कारण टोपभर भात करायची हिंमत दुसऱ्या कुणाची होईना.

पहिले आठ-दहा दिवस असे गेले. आम्ही दुपारी वरण-भात, लोणचं आणि बटाट्याची भाजी द्यायचो. लोक खाली मान घालून जेवायचे, "बरं केलंत हो," म्हणायचे. मला वाटायचं, वा, काय काम करतोय आपण! मग एके दिवशी मी भांडी गोळा करत होते, तेव्हा एक म्हातारी माझ्याजवळ आली. सगळी वाडी तिला मावशी म्हणायची, म्हणून मीही मावशीच म्हणायचे. वाडीच्या अगदी खालच्या टोकाला, पाण्याला लागून तिचं घर होतं. नवरा गेलेला, मुलगा होडीवर, सून घरात. मावशीने इकडे तिकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "बाय, एक विचारू? रागवू नको हां."

"विचार ना."

"आमचं कायतरी चुकलंय काय गो? कुणी सुतक धरलंय काय?"

मला काही कळेना. मग ती म्हणाली, "तुमी दुपारी वरण-भात देता. रात्री जमातीच्या चाचीकडनं पण वरण-भात येतो. सकाळी सिस्टर उपमा देते. पोरं विचारतात, आजी, आपण आता बामण झालो काय? निदान सुकट तरी…" आणि एवढं बोलून तिला इतकं कानकोंडं झालं की तिने माझ्या हातातलं पातेलं घेतलं आणि घासायलाच बसली.

ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या मासळीवर गेल्या त्यांना आम्ही दोन्ही वेळ वरण-भात घालत होतो! आमचं मी समजू शकत होते. टोप देवळाचे, त्यात मासळी शिजवणं शक्यच नव्हतं. पण जमातीला काय झालं होतं? ज्यांच्या हातच्या माशाच्या कालवणाचा वास वळणावरून आमच्या घरापर्यंत यायचा, त्यांनीही वरण-भात पाठवावा? मी पदर खोचला आणि तरातरा मशिदीमागच्या घरात गेले. जमातीच्या स्वयंपाकाचं बघणाऱ्या बाईंना सगळे चाची म्हणत. मी तोवर त्यांच्याशी चार शब्दही बोलले नव्हते, आणि पहिलं वाक्य बोलले ते हे, "चाची, माणसांचं घर जळलंय, जीभ नाही जळलेली! बिनमाशांचं जेवण घालताय त्यांना?"

चाची तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि माझ्यापेक्षा वरच्या पट्टीत म्हणाल्या, "अगो, तूच घालतेस ना वरण-भात! मी म्हटलं, देवळातल्या बायका शुद्ध जेवण देतात, आपण त्यात मासे-मटण पाठवलं तर म्हणतील, बघा, जमातीने बाटवलं. तुझ्यासाठी मी रोज डाळ शिजवते. माझे घरवाले विचारतात, कुणी आजारी आहे काय?"

"माझ्यासाठी?"

"मग काय माझ्यासाठी?"

 बोलता बोलता चाचींना हसू फुटलं, आणि त्या हसल्या की त्यांचं सगळं अंग हसायचं. मलाही राहवलं नाही. तशाच हसत आम्ही सिस्टरकडे गेलो. ती केरळची, ठेंगणी, आणि तिचं मराठी असं की भात 'ती' आणि डाळ 'तो'. ती गंभीरपणे म्हणाली, "मी तर बोंबील आणली होती. पण तुम्ही दोन्ही शाकाहारी बघून मला वाटला, ह्या लोकांची काही उपास आहे. बोंबील मी परत ठेवली."

आठ-दहा दिवस तिन्ही देवांची माणसं एकमेकांना सांभाळत बसली होती आणि ज्यांना सांभाळायचं ते सुकटीच्या एका चिमटीला तरसत होते. त्या रात्री बांगड्याचं कालवण झालं. जमातीच्या टोपात, सिस्टरच्या शाळेच्या अंगणात, आणि वाटण वाटायला मी. पोरं अशी जेवली की मला एकीकडे आनंद आणि एकीकडे स्वतःचाच राग. त्या दिवसापासून तीन चुली गेल्या आणि एक झाली. त्या चुलीभोवती आम्ही तिघी रोज भांडलो. हळद किती, मीठ किती, कोकम की चिंच. पण ते भांडण घरातल्यासारखं होतं.

कालवण झालं त्याच रात्री मावशी जेवल्यावर हात धुऊन आली आणि आमच्या तिघींसमोर बसली. पोट भरल्यावर माणसाला धीर येतो. ती म्हणाली, "जेवलो, बरं वाटलं. आता एक सांगा. शिमग्याला पालखी येईल ती कुठं?"

सिस्टरला हे माहीत नव्हतं, म्हणून मीच सांगितलं. आमच्याकडे शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी देवळातून बाहेर पडते आणि घरोघरी जाते. वर्षभर आपण देवाकडे जातो, त्या दिवसांत देव आपल्याकडे येतो. दारात पालखी नाचवतात, मग ती घरात बसते, बाया ओटी भरतात, गुरव त्या घराचं गाऱ्हाणं घालतो. मुंबईचा चाकरमानी गणपतीला एखादवेळ चुकेल, पण पालखीला येणारच. वाटेवर पालखी वाटेल तिथे टेकत नाही. टेकायची ती सहाणेवर, म्हणजे देवाच्या चौथऱ्यावर, नाहीतर माणसाच्या घरात.

"जमातीचा हॉल आहे ना," चाची म्हणाल्या. "पावसाळा सरेपर्यंत रहा. कोण हाकलतंय?"

मावशीने मान हलवली. "तुमचे उपकार हायत. पण देव हॉलात नाय येत, घरात येतो. घर नसलं तर पुढं जातो. आणि एकदा आमचं दार सोडून पालखी पुढं गेली, की मग आमी या गावची नाय. धरमशाळेतली." तिने आमच्या तिघींकडे आळीपाळीने बघितलं. "माझ्या सासऱ्याच्या वेळेपासून नाय चुकली गो. माझ्या हातात चुकणार काय?"

देवस्थान मंडळाच्या अध्यक्षांना मी दुसऱ्या दिवशी हे सांगितलं तर ते म्हणाले, "वहिनी, भावना ठीक आहे, पण दीड महिन्यात एवढी घरं कशी उभी राहणार? सरकारकडे अर्ज करू." माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "करा अर्ज. तोवर आम्ही घरं बांधतो." बोलून गेले आणि घरी येऊन तेच सांगितलं. आमचे हे म्हणाले, "तुझं तोंड एक दिवस आपल्याला घराबाहेर काढेल." पण दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून कुदळ घेऊन खाली गेले ते हेच, हेही सांगायला हवं.

आणि उभी राहिली घरं! चर्चच्या शाळेने कुंपणाची भिंत घालायला जांभ्याचे चिरे आणून ठेवले होते. सिस्टर फादरांकडे गेली आणि काय बोलली कोण जाणे, पण ते चिरे खाली वाडीत आले. शाळेला पुढची कितीतरी वर्षं कुंपण नव्हतं, गुरं आत शिरायची. देवळामागचा जुना फणस देवस्थान मंडळाने तोडायला दिला, त्याचे वासे झाले. आणि कौलं जमातीने दिली. तेव्हा जमातीतल्या घराघरातली मुलं आखातात गेलेली. ती पैसे पाठवत आणि जुनी कौलारू घरं उतरवून स्लॅबची घरं होत होती. उतरवलेली मंगलोरी कौलं परसात थप्प्या लावून पडलेली. चाची स्वतः घरोघरी फिरल्या. "तुमच्या आजोबांच्या डोक्यावर होती, आता कुणाच्या तरी नातवाच्या डोक्यावर जातील," असं म्हणायच्या, आणि नाही म्हणायला कुणाला तोंड उरायचं नाही.

कामाचीही मोठी गंमत. शुक्रवारी दुपारी जमातीचे लोक नमाजाला जात तेव्हा आमचे लोक चिरे लावत. रविवारी सकाळी चर्चचे लोक प्रार्थनेला जात तेव्हा जमातीचे हात चालू. आणि आमचे लोक? आमच्या लोकांना चिरे उचलायला सांगितलं की कधीही कसली तरी एकादशी आठवायची. मी त्यांच्या घरी जाऊन बोलावून आणायचे. माझ्या तोंडाला घाबरून यायचे बिचारे, पण आले की जीव ओतून काम करायचे. खारवी पुरुष तर समुद्रावरून यायचे आणि जाळी टाकून थेट गारा कालवायला बसायचे. चिरे वरून रस्त्यावर उतरत, म्हणून बांधकाम रस्त्याच्या बाजूने सुरू झालं आणि एकेक घर करत खाली पाण्याकडे सरकत गेलं. ह्यात काही चुकतंय असं आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

होळी पेटली. शेवटचं घर मावशीचं, त्याच्या भिंती झाल्या होत्या, वासे चढले होते, कौलं तेवढी बाकी होती. आम्ही खुशीत होतो. पालखी वरच्या घरापासून सुरुवात करेल, खाली येईपर्यंत दिवस मावळेल, तोवर मावशीचं होऊन जाईल. आणि आदल्या दिवशी सकाळी गुरव वाट सांगायला आला. "उद्या शुक्रवार. दुपारी निघू. नेहमीसारखी आधी तळाला, पाण्यापाशी. पहिला मान मावशीच्या घराचा, मग एकेक घर घेत वर."

 वाडीत पालखी आधी दर्याला भेटते आणि मग वर येते, हे मला नवीनच होतं. मी वरच्या अंगाची, माझ्या घरी पालखी वेगळ्या दिवशी यायची. ज्या घराचा मान पहिला तेच घर आम्ही शेवटी ठेवलं होतं. मी मावशीवर धावून गेले. "तू सांगायचं नाहीस? एवढे दिवस मूग गिळून बसलीस?"

मावशी शांतपणे म्हणाली, "दुसऱ्याच्या हातानं घर होतंय, बाय. आधी माझं करा असं कुठल्या तोंडानं म्हणू? वरच्यांची पोरं लहान हायत."

मला रडूच आलं. गुरवाला विचारलं, वरून सुरुवात केली तर? तो म्हणाला, "मान फिरवायचा अधिकार मला नाही, वहिनी. आणि आढ्यावर कौल नाही ते घर नव्हे. बघा, होतंय का."

शुक्रवारी उजाडल्यापासून सगळी वाडी त्या एका घराला लागली. कौलं चढवणारे जमातीतले दोघे-तिघे सुतार, बाकी सगळे खालून कौलं देणारे. एक बाजू झाली. दुसरी बाजू अर्धी झाली आणि अजान झाली. सुतार वरून उतरले. मावशी म्हणाली, "जा, जा, देवाचं आधी." ते जड पावलांनी वर गेले. आणि मशिदीत ते हात धुतात न धुतात तोच लांबून ढोल ऐकू आला. पालखी निघाली होती.

मी धावत सुटले. वळणावर, मशिदीच्या अलीकडे, मी पालखीच्या पुढे जाऊन हात आडवे करून उभी राहिले. आमचे हे पालखीसोबतच होते. त्यांचा चेहरा असा झाला की बस्स. "अगं, तू देवाला अडवतेस?"

"देवाला नाही, गुरवाला अडवते!" मी धापा टाकत म्हटलं. "नमाज होऊ दे. कौलं चढवणारे आत आहेत. त्यांच्याशिवाय मावशीचं घर होत नाही, आणि घराशिवाय तुम्ही जाणार कुठं?"

एरवीही मशिदीपाशी ढोल थांबायचेच, तशी रीतच होती. पण ढोल थांबवून पालखी पुढे जायची. त्या दिवशी गुरवाने एकदा मशिदीकडे बघितलं, एकदा खाली वाडीकडे, आणि हात वर केला. पालखी उभी राहिली. खाली टेकवता येत नाही, म्हणून भोयांनी ती खांद्यावरच धरली. फाल्गुनातलं ऊन, डांबर तापलेलं, पायात काही नाही. एक खांदा दुखला की दुसरा पुढे यायचा. कुणीही कुरकुरलं नाही. आत नमाज चालू, बाहेर देव उभा. मी आयुष्यात पुष्कळ देवळं पाहिली, पण देवाचा असा दरबार मी पुन्हा पाहिला नाही.

नमाज सुटला. माणसं बाहेर आली आणि पालखी बघून थबकली. कुणीतरी म्हणालं, "तुमच्यासाठी थांबलीय." पुढं काही सांगावं लागलं नाही. सुतार धावले, त्यांच्यामागे जमातीची सगळी माणसं, पांढऱ्या कपड्यांत, टोप्या तशाच डोक्यावर. वाडीच्या रस्त्यावर रांग लागली. जमातीचे, चर्चचे, पालखीबरोबर गुलाल लावून आलेले आमचे. कौल या हातातून त्या हातात. सिस्टरही रांगेत, तिच्या पांढऱ्या झग्यावर कौलांची लाल माती. शेवटचं कौल आढ्यावर बसलं आणि सुताराने वरूनच ओरडून सांगितलं, "आणा तुमच्या देवाला!" असा ढोल वाजला की कान बसले.

मावशीच्या दारात पालखी नाचली. दाराला दार नव्हतं, नुसती चौकट. आत पालखी बसवायला पाट नव्हता, म्हणून शाळेचा बाक आणला आणि त्यावर चाचींनी आपल्या लेकीच्या रुखवताची कोरी चादर अंथरली. मावशीने ओटी भरली. चाची अंगणात चौकटीबाहेरच उभ्या राहिल्या, सिस्टर त्यांच्याजवळ. गुरवाने नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाण्याआधी विचारलं, "मावशी, घरात माणसं कोण कोण?"

गाऱ्हाण्यात घरची माणसं सांगतात, त्यांचं रक्षण कर म्हणून. मावशीने मुलगा सांगितला, सून सांगितली. मग ती थांबली आणि म्हणाली, "आणि जमातीची चाची. शाळेची सिस्टर. ही वरची भांडखोर बाय. वर चढून कौलं घालणारे, खालून देणारे. सगळी माझ्या घरची."

गुरवाने नारळ कपाळाला लावला. असं गाऱ्हाणं त्यानेही कधी घातलं नसावं. मग खणखणीत आवाजात सुरू झाला, "बा देवा महाराजा! ही तुझी लेकरं, ह्या घरची… " आणि एकालाही न वगळता त्याने सगळे घातले. "यांची इडापिडा टाळ, यांच्या होड्या भरून आण, यांच्या डोक्यावर छप्पर राहू दे महाराजा!"

"होय महाराजा!" सगळी वाडी गर्जली.

आणि ती गर्जना विरली न विरली तोच अंगणातून एक बायकी आवाज आला, खणखणीत, "आमीन!" चाचींचा. त्यांना स्वतःलाच दचकल्यासारखं झालं. गुरवाने मागे वळून बघितलं आणि म्हणाला, "बरोबर हाय. पावती मिळाली." तेव्हा सगळे हसले. मी मात्र रडत होते, आणि मला त्याची लाज नव्हती.

पालखी वरच्या घरांकडे निघाली तशी मावशीने आम्हा तिघींना हाताला धरून आत ओढलं. "कुठं चाललात? माझ्या घरी जेवायचं. इतके दिवस तुमी वाढलंत, आज मी वाढणार." नव्या चुलीवर तिने सुनेकडून रांधून घेतलं होतं. आम्ही शेणाने सारवलेल्या ओल्या जमिनीवर बसलो. केळीची पानं मांडली, आणि मावशीने वाढलं.

वरण-भात.

चाचींनी पानाकडे बघितलं, मग मावशीकडे. "उट्टं काढतेस होय गो?"

"आज नाय चालत मासळी," मावशी ठसक्यात म्हणाली, "आज घरात देव येऊन गेलाय. जेवा गुमान." आणि कमरेवर हात ठेवून, घराच्या मालकिणीसारखी, आम्ही पान संपवेपर्यंत ती आमच्यावर उभी राहिली.